बर्फात ठेवलेलं रक्त

४ मार्च, मंगळवार

डॉक्टरांनी सांगितलं, रोज लिहून ठेवा. पोरीच्या अंगावर नवे डाग कुठे उठले, नाकातून रक्त आलं का, ताप आला का. मी म्हटलं, माझ्या लक्षात राहतं सगळं. ते म्हणाले, घाबरलेल्या माणसाच्या लक्षात काही राहत नाही. मी घाबरलेय हे त्यांना कसं कळलं कोण जाणे. मी तर गप्प बसले होते.

बर्फाच्या कारखान्याने नव्या वर्षाला दिलेली डायरी कोरीच पडली होती, तिच्यात लिहितेय. सहावीनंतर शाळा सुटली, त्यामुळे अक्षर म्हणजे कोंबडी नाचून गेल्यासारखं. कोणाला वाचायचंय म्हणा.

तर डाग. गेल्या आठवड्यात आंघोळ घालताना दिसले. नडगीवर निळे, मांडीवर निळे. मला वाटलं, पडली असेल. ती चार वर्षांची आहे आणि चालत कुठे जातच नाही, उड्या मारत जाते. म्हणून घरात सगळे तिला बेडकी म्हणतात. पायरी दिसली की उडी. मासळी बाजारात आमच्या गाळ्यासमोर लिलावाचा ओटा आहे, सकाळी त्याच्यावर खोके मांडतात. तो रिकामा झाला की ही चढलीच. मग निळं होणारच की. पण काल पाठीवर दिसला. पाठीवर कोण पडतं? आणि घोट्याजवळ लाल बारीक ठिपके, सुईने टोचल्यासारखे. बोटाने दाबले तरी जात नाहीत.

डॉक्टरांनीही दाबून बघितले. मग विचारलं, घरी कोण कोण असतं. मी सांगितलं, मी, सासूबाई, ही, आणि मासळीची गाडी पोचवून आले की हे. घरात कोणाला फार राग येतो का, म्हणाले. मी म्हटलं, मलाच येतो. ते जरा वेळ माझ्याकडे बघत राहिले. "राग आला की काय करता?" म्हटलं, भांडी आपटते. मग पोरीला जवळ घेऊन तिला विचारलं, आई भांडी आपटते का गं? ती म्हणाली, हो, आणि आजी म्हणते फुटली तर तुझ्या बापाच्या घरून आण. डॉक्टर हसले. चांगला माणूस आहे, घरचं सगळं विचारतो.

तीन आठवड्यांपूर्वी तिला ताप येऊन गेला होता, तेही विचारलं. उद्या रक्त घेणार. "उगाच काहीबाही मनात आणू नका," म्हणाले. तेव्हापासून सगळं मनात येतंय. शेजारच्या गाळ्यावरच्या कोळंबीवालीने डाग बघितले आणि म्हणाली, माझ्या भाच्याला अस्सेच उठले होते. मी विचारलं, मग? तर ती गिऱ्हाइकाकडे वळली. गिऱ्हाईक कोणी नव्हतंच.

मी लिहूनच टाकते, म्हणजे डोक्यातून जाईल. रक्ताचा कॅन्सर.

लिहिलं. गेलं नाही.

५ मार्च, बुधवार

रक्त घेतलं. मी तिला मांडीत घट्ट धरलं होतं. सुई टोचली तेव्हा ती रडली नाही, माझ्याकडे बघितलं. तू पण यांच्यातलीच का, असं बघितलं. नंतर रडली.

दवाखान्यातला रक्त नेणारा माणूस रजेवर होता. डॉक्टर म्हणाले, लॅब लांब आहे, तुम्ही नेऊन द्याल का? फक्त उन्हात तापू देऊ नका. मी म्हटलं, त्याची काळजी करू नका, मासळीवाली आहे मी.

पोरीला सासूबाईंकडे गाळ्यावर सोडलं. छोटी थर्माकोलची पेटी घेतली, चुरा बर्फ भरला, वर दोन मुठी खडेमीठ टाकलं. नुसता बर्फ पुरत नाही, मीठ पडलं की तो दुप्पट गार होतो, हे बाजारात कोणालाही विचारा. त्याच्यात नळी खोल खुपसली आणि झाकण लावलं.

सासूबाई म्हणाल्या, "तुला सगळं बर्फातच ठेवायचं असतं. नवऱ्यालाही ठेव एकदा, जास्त दिवस टिकेल."

बस लवकर मिळाली नाही. लॅबमध्ये पोचले तेव्हा नळी हातात घेतली तर दगडासारखी. म्हटलं, झकास राहिली. पदराने पुसली, वास नको म्हणून. काउंटरवरच्या बाई फोनवर होत्या, ट्रेमध्ये ठेवा अशी खूण केली. ठेवली आणि आले.

संध्याकाळी लॅबमधून फोन. मुलीच्या पेशी सगळ्या फुटल्यात, काही वाचता येत नाही, उद्या मुलीला घेऊन या, परत रक्त लागेल. मी विचारलं, फुटल्यात म्हणजे? तिकडून म्हणाले, उद्या या, मॅडम सांगतील.

सासूबाईंना विचारलं, आई, पेशी म्हणजे काय हो? त्या मासळी कापायच्या सुरीला धार लावत होत्या. म्हणाल्या, असतात अंगात. म्हटलं, त्या फुटल्या तर? त्यांनी सुरी खाली ठेवली. धार अर्धीच राहिली.

यांना फोन केला. ते गाडी घेऊन राज्याच्या दुसऱ्या टोकाला आहेत, माल उतरवायचाय. सगळं सांगितलं. "काही होत नाही तिला," म्हणाले. सर्दी झालीये वाटतं, सारखं नाक ओढत होते. थंड गाडीत बसून होणारच. आल्याचं पाणी घ्या म्हणाले मी.

बेडकी झोपलीय. तिच्या छातीवर कान ठेवला. आत काही फुटतंय का ते ऐकलं. फक्त धडधड होती.

६ मार्च, गुरुवार

आज मला हसावं की तोंड लपवावं, कळत नाही.

लॅबच्या मॅडम माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठ्या असतील. चष्मा दोरीने गळ्यात. पहिलाच प्रश्न, "नळी आणली कशी?" मी बर्फाचं सांगितलं. मिठाचंही सांगितलं, जरा अभिमानानेच.

त्यांनी डोळे मिटले. मग म्हणाल्या, "अहो ताई, तुमच्या मुलीच्या पेशी अंगात नाही फुटल्या. तुमच्या पेटीत फुटल्या."

मी म्हटलं, परत एकदा सांगा. त्यांनी सांगितलं.

मग त्यांनी समजावलं ते लिहून ठेवते, कारण यांना सांगायचंय. आपलं अख्खं अंग बारीक बारीक पिशव्यांचं बनलेलं आहे. एवढ्या बारीक की डोळ्यांना दिसत नाहीत. त्या पेशी. प्रत्येकीला बाहेरून पातळ आवरण असतं आणि आत पाणीदार रस. रक्त गोठलं की आत बर्फाच्या सुया होतात, त्या आवरण फाडतात. मग वितळलं की सगळं बाहेर.

मी म्हटलं, "म्हणजे हळूहळू गोठवलेली मासळी वितळली की पाणी सुटतं आणि मऊ लगदा होतो, तेच ना?"

"तेच. तिथेही पेशीच फाटतात."

इतकी वर्षं गिऱ्हाइकांच्या शिव्या खाल्ल्या त्या पाण्यापायी. आज कळलं ते पाणी कुठून येतं.

"ती मासळीही पेशींचीच?" मी विचारलं.

"मासळी, तुम्ही, मी, कुंडीतलं झाड. जे जे जिवंत ते सगळं. काहींची एकच पेशी असते, तेवढ्यात त्यांचं सगळं भागतं."

पण रक्त परत घ्यावं लागलं. माझ्या पेटीपायी पोरीला दुसऱ्यांदा सुई. ती दारातच अडून बसली. मॅडम तिच्यासमोर उकिडव्या बसल्या आणि म्हणाल्या, तुला तुझ्या आईच्या आतलं बघायचंय? आधी आईचं काढू, मग तुझं.

त्यांनी मला दात कोरायच्या काडीने गालाच्या आतून हलकं खरवडायला लावलं. जे आलं ते काचेवर पुसलं, निळ्या औषधाचा थेंब टाकला आणि भिंगाखाली ठेवलं. मी बघितलं. आधी माझ्याच पापणीचे केस दिसले. मग मॅडमनी काहीतरी फिरवलं आणि एकदम दिसलं. फाटक्या पातळ कागदाच्या तुकड्यासारखं, कडा दुमडलेल्या, आणि मधोमध एक गडद निळा ठिपका.

मॅडम म्हणाल्या, "ते मधलं केंद्रक. कारभारी समजा. काय बनवायचं, कधी बनवायचं, सगळी माहिती त्याच्याकडे. आणि ती कड म्हणजे आवरण. आत काय घ्यायचं, बाहेर काय टाकायचं, ते ठरवतं. शिवाय अन्न जाळून ताकद काढणारे बारीक भाग असतात, पण ते या भिंगातून नाही दिसायचे." त्यांचं नावही सांगितलं, लांबलचक होतं, विसरले.

मी म्हटलं, "म्हणजे हे जिवंत आहे? माझ्या तोंडातलं?"

"होतं. रोज कितीतरी जुन्या पेशी झडतात आणि नव्या येतात. एकीच्या दोन होतात."

पोरीला स्टुलावर उभं केलं. तिने एक डोळा मिटायच्या ऐवजी दोन्ही मिटले. मग जमलं. "आई, तू चिंधी आहेस," म्हणाली. मग हात स्वतःहून पुढे केला.

या वेळी नळी मॅडमनी तिथेच ठेवून घेतली. माझ्या हातात दिली नाही. जाताना म्हणाल्या, "परत कधी आणायची वेळ आली तर नुसती सावलीत आणा. मीठ मासळीला ठेवा."

घरी सासूबाईंना सगळं सांगितलं. त्या एवढ्या हसल्या की ठसका लागला. हसता हसता डोळे पुसत राहिल्या, बराच वेळ. एवढं काय हसायचं त्यात.

७ मार्च, शुक्रवार

तो नाही. आधी हे लिहिते. कॅन्सर नाही.

डॉक्टर म्हणाले, रक्तात तीन प्रकार असतात. तांबड्या पेशी हवेतला प्राणवायू पोचवतात. तिच्या ठीक आहेत. त्यांना मधला कारभारी नसतो, जास्त जागा मिळावी म्हणून तो काढून टाकलेला असतो. यांनी मागची सीट काढून टाकली तेव्हा गाडीत चार खोके जास्त मावायला लागले, तसंच. पांढऱ्या पेशी राखण करतात. त्याही ठीक, त्यांच्यात वाईट काही नाही, डॉक्टरांनी आणि मॅडमनी दोघांनी बघितलं. तिसरे म्हणजे पट्टिका. त्या अख्ख्या पेशीही नाहीत, मोठ्या पेशीचे तुटलेले तुकडे. कुठे चिरलं, कुठे आतली बारीक नळी फुटली की धावत जाऊन चिकटतात आणि भोक बुजवतात. त्या तिच्याकडे फार कमी राहिल्यात. टाचणीच्या डोक्याएवढ्या रक्तात दीड लाख तरी हव्यात, तिच्या बारा हजार. म्हणून जरा धक्का लागला तरी आत रक्त पसरतं आणि निळं दिसतं.

"गेल्या कुठे?" मी विचारलं.

"तिच्याच राखणदारांनी खाल्ल्या. ताप आला तेव्हा ते शत्रूला शोधत होते. ताप गेला, पण ते अजून गोंधळलेत. घरच्या माणसाला चोर समजतायत."

"मग त्यांना कोणी सांगायचं?"

"बहुतेक मुलांमध्ये त्यांचं त्यांनाच कळतं. काही आठवड्यांत. काहींना जास्त लागतात. आपण बघत राहायचं."

बहुतेक हा शब्द मला आवडत नाही. गिऱ्हाईक 'बहुतेक येतो' म्हणालं की येत नाही.

नियम दिले. डोक्याला मार लागता कामा नये. अंगदुखीची गोळी मनाने द्यायची नाही. नाकातून रक्त आलं तर नाक चिमटीत धरून पुढे वाकवायचं, दहा मिनिटांत थांबलं नाही तर मोठ्या हॉस्पिटलात. रोज सकाळी अंग तपासायचं. आणि उड्या मारायच्या नाहीत.

मी म्हटलं, डॉक्टर, तिचं नाव बेडकी आहे हो.

९ मार्च, रविवार

सकाळी अंग तपासलं. डाव्या दंडावर एक नवा, चपटा. जुने हिरवे पिवळे व्हायला लागलेत. मासळी ताजी आहे का बघायला कल्ले उघडतो तशी तिची खालची पापणी ओढून बघते. लाल आहे. डॉक्टर म्हणाले ते चांगलं लक्षण आहे. रोज दहा वेळा बघते. आज ती म्हणाली, आई, मी ताजी आहे का?

सासूबाईंनी हुकूम काढलाय, तिला कोणी बेडकी म्हणायचं नाही. ऐकलं की तिला उडी येते. मग काय म्हणायचं? तिचं खरं नाव कोणाच्या तोंडात बसत नाही. सासूबाईच तीनदा चुकून बेडकी म्हणाल्या.

माझी निळी ओढणी सापडत नाही. यांचा जुना शर्टही नाही. सासूबाईंना विचारलं तर अंगावर आल्या, "मी काय घालणारे का तुझी ओढणी?" आजकाल फार चिडचिड करतात. गाळ्यावर जायच्या आधी घरात नुसती खुडबुड करत असतात. नंतर बघितलं तर टेबलाच्या चारही कोपऱ्यांना, दाराच्या कडीला आणि पलंगाच्या पायांना चिंध्या गुंडाळलेल्या, दोऱ्याने पक्क्या शिवलेल्या. निळ्या रंगाच्या. विचारून तरी घ्यायची होती, चांगली ओढणी होती.

१२ मार्च, बुधवार

बालवाडीच्या बाई घरी आल्या. पोरगी का येत नाही म्हणून. मी आजाराचं सांगितलं, कागद दाखवला. त्यांनी कागद दोनदा वाचला आणि एकदम म्हणाल्या, बरं झालं. लगेच म्हणाल्या, म्हणजे कळलं ते बरं झालं. चहा घेतला. पोरीशी एकटीशी बोलायचंय म्हणाल्या, तर मी आत गेले. त्या हसत बाहेर आल्या आणि जाताना माझा हात धरून म्हणाल्या, मला माफ करा. कशाबद्दल, ते बोलल्या नाहीत. किती मायाळू बाई आहे.

१५ मार्च, शनिवार

दुपारी नाकातून रक्त आलं.

काहीच झालं नव्हतं. जमिनीवर बसून खडूने चित्र काढत होती, कागदावर एक लाल थेंब पडला. तिला वाटलं खडूचाच. मग दुसरा. मी नाक धरलं, पुढे वाकवलं. सासूबाईंनी माझ्या हातावर त्यांचा हात ठेवला. तिघी तशाच बसलो. त्यांच्या हाताला मासळीचा वास, माझ्याही.

मी मनातल्या मनात त्या राखणदारांशी बोलत होते. अरे, तुमच्याच आहेत त्या. बाहेरच्या नाहीत. एकाच घरात वाढलात, ओळखा की.

पोरगी नाकातून बोलली, "आजी रडतीय."

"कांदा चिरला मघाशी," सासूबाई म्हणाल्या. कांदा घरात नव्हताच, संपलाय कालपासून. आणायचा राहिला.

थांबलं. सात मिनिटं झाली होती. डॉक्टरांकडे नेलं. आज रक्त घेतलं तर पट्टिका नऊ हजार. डॉक्टर म्हणाले, अजून दोन दिवस थांबू, परत रक्त आलं तर औषध सुरू करू, घाबरू नका. परतताना मी तिला कडेवर घेऊन आले. ती म्हणाली, "मी चालते." मी म्हटलं, नको. रस्त्यात खड्डा आहे, नको. पायरी आहे, नको. तिने माझ्या खांद्यावर डोकं टेकवलं.

२४ मार्च, सोमवार

परत रक्त आलं नाही. नवे डाग तीनच, तेही छोटे. आज पट्टिका चाळीस हजार. लॅबच्या मॅडमनी स्वतः फोन केला. म्हणाल्या, राखणदारांना अक्कल यायला लागली वाटतं.

मी विचारलं, माझ्यातल्या पट्टिका तिला देता येणार नाहीत का? माझ्याकडे भरपूर असतील. त्या म्हणाल्या, दिल्या तर त्याही खाऊन टाकतील. तिच्या हाडांच्या आत कारखाना आहे, तो नव्या बनवतोय, त्याला बनवू द्या. मग म्हणाल्या, "तुम्ही तुमचं आधीच दिलंय. ती सुरुवातीला एकच पेशी होती, अर्धी तुमच्याकडची, अर्धी त्यांच्याकडची. एकीच्या दोन, दोनाच्या चार करत एवढी झाली."

यांना सांगितलं. ते आज घरी आहेत. म्हणाले, मग उड्या तुझ्या अर्ध्यातून आल्या. मी लहानपणी फार उड्या मारायचे हे त्यांना माझ्या आईने सांगितलंय. मी म्हटलं, आणि गोंधळलेले राखणदार तुमच्या अर्ध्यातून.

सासूबाई म्हणाल्या, "माझ्या मुलाचं काही गोंधळलेलं नाही. तुझ्याशी लग्न केलं तेवढं सोडून."

किती दिवसांनी घरात सगळे हसलो. पोरगी नाही हसली. ती माझ्या पायाला धरून उभी होती.

७ एप्रिल, सोमवार

सत्तर हजार. डाग नाहीत. फिकट पिवळा एक राहिलाय पाठीवर, तो शेवटचा. तो जाताना बघायला मला आवडतंय.

पोरगी शहाणी झालीय फार. सांगावं लागत नाही. पायरी आली की थांबते, बसते आणि बसूनच खाली उतरते. खुर्चीवर चढत नाही. बाजारात ओट्याकडे बघतसुद्धा नाही. कोळंबीवाली म्हणाली, आजारपणाने पोर सुधारलं गं तुझं. मला बरं वाटलं.

२१ एप्रिल, सोमवार

एक लाख साठ हजार.

डॉक्टर म्हणाले, झालं. राखणदारांनी ओळखलं. महिन्याने एकदा तपासू, पण आता हिला मोकळं सोडा. पोरीला म्हणाले, "बेडकीताई, जा, मारा उड्या." ती माझ्यामागे लपली.

दवाखान्याच्या तीन पायऱ्या. मी म्हटलं, मार उडी. ती खाली बसली आणि एकेक करत घसरत उतरली. वाटलं, अजून सवय आहे. दोन दिवसांत विसरेल.

२५ एप्रिल, शुक्रवार

विसरत नाहीय.

सासूबाईंनी कोपऱ्यांच्या चिंध्या सोडल्या, तर हिने त्या परत आणून दिल्या आणि बांध म्हणाली. बेडकी म्हटलं की म्हणते, मी बेडकी नाही. बालवाडीत बाकीची मुलं खेळतात आणि ही भिंतीला टेकून उभी असते. बाईंनी सांगितलं. मी तिला विचारलं, काय वाटतं गं तुला? ती म्हणाली, "पट्ट्या संपतील." म्हटलं, नाही संपत, दीड लाखांच्या वर आहेत, आत कारखाना आहे. ती म्हणाली, "तू पण घाबरतेस."

मी म्हटलं, मी कुठे घाबरते? तिने माझा हात दाखवला. रस्ता ओलांडताना मी तिचं मनगट धरलं होतं. माझी बोटं पांढरी पडली होती.

सासूबाईंशी बोलले. त्या म्हणाल्या, "पोर तुझ्याकडे बघून शिकतं. आधी उड्या शिकली, मग भीती." म्हटलं, मी तिच्यासमोर कधी उडी मारली? "पोटात असताना मारली असशील. सातव्या महिन्यात बर्फाच्या खोक्यावरून उतरायचीस ती काय चालत उतरायचीस? माझा जीव कसा वर जायचा तेव्हा." बोलल्या नव्हत्या कधी.

२७ एप्रिल, रविवार

रविवारी दुपारी बाजार धुऊन काढतात. लिलाव संपलेला, ओटा रिकामा, खाली नळीचं पाणी सोडलेलं. मी पोरीला गाळ्यावर बसवलं आणि ओट्यावर चढले. गमबूट होते पायात. ओटा माझ्या कमरेएवढा असेल. खालून कधी उंच वाटला नव्हता.

कोळंबीवाली म्हणाली, काय गं, तुझा लिलाव आहे का आज?

सासूबाई म्हणाल्या, "बोली मी लावणार नाही, आधीच सांगते."

मी पोरीकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत होती, सुईच्या दिवशी बघितलं होतं तसंच.  खरं तेच लिहिते. चार वर्षांची पोर रोज मारायची ती उडी, आणि मला खाली बघवत नव्हतं.

मारली.

पाय सटकला. गुडघ्यावर आपटले, पाणी सगळं तोंडावर. बाजारात जेवढे होते तेवढे हसले. सासूबाई सगळ्यात मोठ्याने.

पोरगी पळत आली. पळत. तिने माझी साडी गुडघ्याच्या वर केली आणि वाकून बघितलं, एक गुडघा, मग दुसरा, मग नडग्या, घोटे. मी रोज सकाळी बघते तसंच, तस्साच हात फिरवून. मग माझी खालची पापणी ओढली.

"ताजी आहे," म्हणाली.

"निळं होईल का?" मी विचारलं.

"होईल. मग हिरवं होईल, मग पिवळं होईल. मग जाईल." दाबून बघितलं. "पट्ट्या येतायत. रडू नको."

मी रडत नव्हते, ओट्यावरचं पाणी होतं.

ती उठली आणि ओट्याकडे गेली. एकटीला चढता येत नव्हतं, इतके दिवस सवय गेलेली. सासूबाईंनी काखेत हात घालून वर ठेवलं आणि मागे सरकल्या. हात मात्र पुढे धरलेले. मी म्हटलं, आई, हात खाली. त्यांनी हात पाठीमागे बांधले.

पोरगी ओट्याच्या कडेला उभी राहिली. खूप वेळ. खाली नळीचं पाणी वाहत होतं.

मग उडी मारली.

२८ एप्रिल, सोमवार

माझा गुडघा जांभळा झालाय, पावाएवढा सुजलाय. यांना फोनवर सांगितलं, तर म्हणाले बर्फ लाव. मी म्हटलं, मीठ घालू का?

सासूबाईंनी माझ्यासाठी नवी ओढणी आणलीय. निळी नाही, हिरवी. माझ्यासमोर टाकली आणि म्हणाल्या, रस्त्यात स्वस्त मिळत होती म्हणून.

सकाळी बेडकी उठली आणि पलंगावरूनच उडी मारून बाहेर गेली. मी मासळीच्या खोक्यांच्या गडबडीत होते. आत्ता लिहायला बसले, तेव्हा लक्षात आलं. आज तिचे पाय बघायचे राहूनच गेले.